मदत हवी आहे: आतड्यातील मूलपेशी आणि कर्करोगाची सुरुवात

नमस्कार. लहान आतड्याचे अस्तर साधारणतः ३ ते ५ दिवसांत नवे होते आणि हे काम अस्तरातील खळग्यांच्या तळाशी, पॅनेथ पेशींच्या (जंतुनाशक द्रव्ये स्रवणाऱ्या पेशींच्या) दाटीत बसलेल्या सडपातळ मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून अस्तरातील इतर पेशी तयार होतात त्या पेशी, करतात, इथपर्यंतचा भाग मला समजला आहे. २००७ मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने एलजीआर-५ या जनुकाच्या खुणेवरून त्या ओळखल्या. पुढे २००९ मध्ये अशा एकाच पेशीपासून खळगे असलेली इवलीशी आतड्यासारखी रचना प्रयोगशाळेत वाढवण्यात आली, हे मला आजही विलक्षण वाटते.

माझी अडचण पुढे आहे. उंदरांमध्ये या मूलपेशींतील एपीसी हे पेशींच्या वाढीला आवर घालणारे जनुक निष्क्रिय केल्यावर गाठी भराभर वाढल्या, परंतु त्यांच्यापासून निघालेल्या अल्पजीवी पेशींत तोच बदल केला असता वाढ बहुतेक वेळा लवकरच थांबली. यावरून कर्करोगाचे मूळ मूलपेशीत आहे असे म्हणावे, तर २०११ मध्ये असेही दिसले की एलजीआर-५ पेशी नष्ट केल्या तरी इतर पेशी त्यांची जागा घेतात आणि अस्तराची झीज भरून निघते. मग दीर्घकाळ दाह असलेल्या आतड्यात, जिथे प्रगल्भ होत चाललेल्या पेशींना पुन्हा मूलपेशी व्हावे लागते, तिथे कर्करोगाची सुरुवात अशा परतलेल्या पेशींतूनही होते का? मानवी ऊतींमध्ये उंदरांप्रमाणे पेशींवर खूण करून त्यांचा माग काढता येत नाही; तेव्हा तिथे हे कोणत्या पुराव्यावरून ठरवतात? या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.