अकरावीतील मुलीची अपुरी झोप आणि दिवसभराचा थकवा : सल्ला हवा आहे

माझी मुलगी सोळा वर्षांची असून विज्ञान शाखेत अकरावीला आहे. सकाळी सातचे कनिष्ठ महाविद्यालय आणि रात्री साडेआठपर्यंत नीटचा क्लास असा तिचा दिवस असतो. साडेदहाला अंथरुणावर पडली तरी साडेबारापर्यंत तिचा डोळा लागत नाही, पहाटे सहाला तिला हलवून उठवावे लागते, आणि रविवारी मात्र ती दुपारी बारापर्यंत झोपते. आजी-आजोबांच्या मते हा निव्वळ आळस आहे. एका परिचितांनी मेलाटोनिनच्या (झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या सुचवल्या आहेत. त्या द्याव्यात का?

प्रतिसाद १ :
गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. वयात येताना शरीरात मेलाटोनिन स्रवण्याची वेळच साधारण एक ते दोन तासांनी पुढे सरकते, त्यामुळे साडेदहाला झोप न येणे यात आळसाचा काही संबंध नाही. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. आपल्या मुलीला जेमतेम साडेपाच तास मिळते. रविवारी दुपारपर्यंत झोपल्याने शरीराचे घड्याळ आणखी पुढे जाते आणि सोमवारची पहाट अधिकच जड होते. म्हणून सुटीच्या दिवशी तास-दीड तासच उशिरा उठू द्यावे, उठल्याबरोबर गच्चीत उजेडात बसवावे आणि उरलेली झोप दुपारी थोडी भरून काढू द्यावी. क्लासला जाण्यापूर्वी कॉफी घेत असल्यास ती बंद करावी, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तासांनंतरही शरीरात राहतो. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, हे आपण जाणताच. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवता येत नाहीत; आपल्याकडे २०२४ मध्ये नऊचा नियम झाला, पण तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी, ज्यांना लवकर उठणे तुलनेने सोपे जाते!

प्रतिसाद २ :
झोपेचे वेळापत्रक सुधारावेच, परंतु आधी रक्त तपासावे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन १२च्या वर असले तरी लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, म्हणून फेरिटिनही पाहावे. शाकाहारी असल्यास बी १२ आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास थायरॉइडही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, ती घोरते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जेवणाला लागून चहा घेत असल्यास तो तासभर पुढे ढकलावा, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. आवडत्या गोष्टींतूनही तिचे मन उडाले असेल, तर मात्र हा प्रश्न केवळ झोपेचा राहत नाही. अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. गोळ्यांचा विचार सोडला आहे. ती शाकाहारी आहे आणि पाळीचा त्रासही आहे, त्यामुळे या आठवड्यातच तपासण्या करून घेतो. महाविद्यालयाची वेळ आमच्या हाती नाही, पण क्लासची दुपारची बॅच मिळते का, याची उद्याच चौकशी करतो.