मदत हवी आहे: आयटी सांभाळणारा सोडून चालला आहे, काय काय लिहून घ्यावं?

प्लांट_ऑफिस: चाकणला छोटं युनिट आहे. ३२ पीसी, टॅलीचा सर्व्हर, चार डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा), फायरवॉल (नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारं यंत्र), दोन इंटरनेट लाइन. सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात आणि त्याचे १५ दिवस उरलेत. त्याने एक्सेल शीट दिली आहे: पीसीचं नाव, रॅम, खरेदीची तारीख. एवढं पुरेल का? पासवर्ड त्याच शीटमध्ये ठेवावेत का?

केबल_आणि_कोड: नाही पुरणार. ही झाली मालमत्तेची यादी. सर्व्हर बसला तर त्यातलं काहीच कामाला येत नाही.

पहिले दोन दिवस फक्त मालकी तपासा. डोमेन (कंपनीच्या वेबसाइटचं आणि मेलचं नाव) कोणत्या ईमेलवर नोंदलंय आणि मुदत कधी संपते? मेलचं अ‍ॅडमिन खातं कोणाचं? टॅलीचा सिरियल नंबर कोणत्या आयडीला जोडलाय? मुख्य म्हणजे, प्रत्येकाचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? पासवर्ड हातात असूनही माणसं अडकतात ती इथेच. कंपनीच्या नावावर सिम घ्या, सगळीकडे तो नंबर टाका, रिकव्हरी कोड छापून ठेवा. डोमेनचं खातं त्याच डोमेनच्या मेलवर ठेवू नका. मुदत संपली की मेल बंद, म्हणजे पासवर्ड रीसेटचा मेलही येणार नाही.

टॅली दुसऱ्या मशिनवर नेताना जुन्यावर लायसन्स सरेंडर करावं लागतं. जुनं मशिन मेलेलं असेल तर सगळी भिस्त त्या खात्याच्या लॉगिनवर.

पासवर्ड एक्सेलमध्ये अजिबात नको. कीपासची (पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर) फाइल करा, मास्टर पासवर्ड बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत.

रॅक_नंबर_२: यात भर. फायरवॉलचं कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करून घ्या, सोबत मॉडेल आणि फर्मवेअरची (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) आवृत्ती लिहा. प्रत्येक नियमापुढे तो कशासाठी आहे ते एका ओळीत हवं, नाहीतर पुढचा माणूस भीतीपोटी एकही नियम काढत नाही.

आयपीचे (नेटवर्कवरचे पत्ते) पट्टे ठरवून लिहा. उदा. १९२.१६८.१.२ ते ५० हाताने दिलेले, १०० ते २०० डीएचसीपीचे (म्हणजे आपोआप वाटले जाणारे). कोणी नव्या प्रिंटरला १२० दिला आणि डीएचसीपीनेही तोच एखाद्या पीसीला दिला, की प्रिंटिंग मधूनमधून बंद पडतं आणि दोन दिवस केबल बदलण्यात जातात.

नॅसची कुठली डिस्क कुठल्या खणात, रेड (डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) कोणतं, हे डिस्कवर चिकटवा. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की घ्या. मदरबोर्ड बदलला की तीच मागतो. ती नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा गेला.

हे सगळं फक्त नॅसवर ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर कागदपत्रंही त्यातच जातील. छापील प्रत हवीच.

रिस्टोअर_आधी: शेवटच्या आठवड्यात परीक्षा घ्या. जाणाऱ्याने गप्प बसायचं. दुसऱ्याने फक्त कागद वाचून टॅलीचा डेटा रिकाम्या पीसीवर रिस्टोअर करायचा. तो जिथे अडेल तिथे कागदात ओळ कमी आहे. लागलेला वेळही लिहा.

पहिल्या पानावर, काही घडलं तर कोणाला फोन करायचा ते हवं. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रांवर काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. लॉग कुठे साठतात, तेही तिथेच लिहा.

अजून एक: टास्क शेड्युलरमधलं (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं साधन) काय काय कोणाच्या लॉगिनवर चालतं ते बघा. माणूस गेल्यावर खातं बंद करतात आणि बॅकअप गुपचूप थांबतो. महिन्यांनी कळतं.

प्लांट_ऑफिस: आत्ताच पाहिलं, बॅकअप त्याच्याच लॉगिनवर आहे! आधी पासवर्ड बदलू की टास्क?

रिस्टोअर_आधी: आधी टास्क. बॅकअपसाठी वेगळं खातं करा. त्याला मूळ फोल्डर वाचायची, नॅसच्या फोल्डरमध्ये लिहायची आणि बॅच जॉब म्हणून (म्हणजे समोर कोणी नसताना आपोआप) लॉगिन करायची परवानगी द्या, बाकी काही नको. एकदा हाताने चालवा, नॅसवर फाइलची तारीख आणि साइज बघा, एक फाइल उघडून खात्री करा. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचा बॅकअप आलेला दिसला, तरच जुनं खातं डिसेबल करा. डिलीट महिनाभर करू नका.