मापुटोचे दहा टक्के: आकडा गाठला की भूक मिटते का?

धंतोलीकर
मी नागपूर विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. जुलै 2003 मध्ये मोझांबिकची राजधानी मापुटो येथे आफ्रिकी संघाच्या राष्ट्रप्रमुखांनी पाच वर्षांच्या आत राष्ट्रीय अर्थसंकल्पाचा किमान दहा टक्के वाटा शेतीवर खर्च करण्याचे मान्य केले. 2014 मध्ये इक्वेटोरियल गिनीतील मलाबो येथे त्याचा पुनरुच्चार झाला आणि 2025 पर्यंत भूक संपवण्याचे उद्दिष्टही जोडले गेले. ती मुदत सरत आली असताना जानेवारी 2025 मध्ये युगांडातील कंपाला येथे 2026 ते 2035 या काळासाठी नवा जाहीरनामा आला. दहा टक्क्यांपर्यंत मोजकेच देश पोहोचले, हे वाचले आहे. परंतु जे पोहोचले, त्यांच्याकडे तरी अन्नसुरक्षा आली का?

कोरडवाहू
मी कृषी खात्यातून निवृत्त झालो असून माझे मत स्पष्ट आहे: टक्केवारीपेक्षा पैसा कशावर गेला, हे आधी पाहावे. मलावीने दहा टक्क्यांचा टप्पा अनेकदा ओलांडला आहे. 2005 मध्ये तेथे मक्याचे पीक बुडाले आणि त्यानंतरच्या हंगामापासून राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांच्या सरकारने गरीब शेतकऱ्यांना कूपन देण्यास सुरुवात केली. त्या कूपनांवर पेरणीच्या वेळचे एक पोते आणि नंतर वरखताचे एक पोते, अशी पन्नास-पन्नास किलोची दोन पोती खत आणि मक्याचे थोडे सुधारित बियाणे अल्प किमतीत मिळत असे. उत्पादन खरोखरच वाढले, शेजारी देशांना मका विकलाही गेला, आणि हे यश कोणी नाकारू नये.

पण खत आयातीचे होते. 2008 मध्ये जागतिक बाजारात खताचे भाव भडकले, तेव्हा योजनेचा खर्च आवाक्याबाहेर गेला आणि शेतीच्या तरतुदीचा फार मोठा हिस्सा एकट्या अनुदानाने गिळला. कृषी संशोधन, गावोगावी शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणारे विस्तार कर्मचारी आणि सिंचन यांच्या वाट्याला उरलेसुरलेच आले. आफ्रिकेत लागवडीखालील जमिनीपैकी पाच-सहा टक्क्यांच्या आसपास जमीनच ओलिताखाली आहे. पावसाने ओढ दिली की टाकलेले खत वाया जाते, हे विदर्भातील कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मलावीत तर पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा एकच हंगाम पडतो, आणि नवे पीक हाती येण्यापूर्वीचे जानेवारी ते मार्च हे महिने गरीब घरांत आजही उपासमारीचे असतात.

संत्रानगरी
कोरडवाहू सरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण त्यात इथिओपियाची भर घालावीशी वाटते. त्या देशानेही दहा टक्क्यांचा टप्पा अनेक वर्षे गाठला. 2005 पासून तेथे दुष्काळप्रवण भागातील लाखो कुटुंबांना बांधबंदिस्ती, मृदसंधारण, रस्ते अशा कामांच्या मोबदल्यात धान्य किंवा रोख रक्कम मिळते, आणि ज्यांच्या अंगात काम करण्याची ताकद नाही त्यांना कामाविना मदत दिली जाते. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे उभी राहिलेली रोजगार हमी योजना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील सूत्र लगेच ओळखू येईल. अन्न पिकवणे आणि ते विकत घेण्याची ऐपत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवरचा खर्च शेतीच्या टक्केवारीत नेहमीच दिसतो असे नाही. मात्र या योजनेतील बराच पैसा परदेशी देणगीदारांचा आहे, आणि त्यांनी हात आखडता घेतला तर ती कशी टिकेल, याची मला खरी काळजी वाटते.

धंतोलीकर
दोघांचेही मनापासून आभार. मग प्रबंधासाठी मी नेमके कोणते आकडे तपासावेत?

कोरडवाहू
प्रथम तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन रकाने वेगळे ठेवा, कारण जाहीर झालेली रक्कम वर्षअखेरपर्यंत पूर्ण खर्च होतेच असे नाही. त्यानंतर अनुदान, संशोधन, विस्तार, सिंचन आणि साठवण अशी फोड करा. साठवणीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण काढणीनंतरची नासाडी निम्म्यावर आणण्याचे वचनही मलाबोमध्ये दिले गेले होते. पूर्व केनियात 2004 मध्ये ओलसर राहिलेल्या मक्यावर बुरशी चढून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची बाधा झाली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पीक घरात आले होते, पण ते वाळवण्याची आणि कोरडे ठेवण्याची सोय नव्हती. अशा सोयींवर त्या त्या सरकारने किती खर्च केला, हा आकडा शोधताना कष्ट पडतील, परंतु तो वगळू नका.