मस्टर्डचा ठेका टिकला, लेक्स लुगरचा का नाही?

ठेकाप्रेमी:
लॉस एंजेलिसचा संगीतनिर्माता मस्टर्ड याचे काम मी २०११ च्या ‘रॅक सिटी’पासून ऐकत आलो आहे. तीन-चार सुरांचा खर्जातला तुकडा, टाळ्या, चुटक्या, अधूनमधून घोळक्याने दिलेली ‘हे’ अशी आरोळी आणि मिनिटाला शंभरेक ठोक्यांची लय, एवढ्या सामग्रीवर त्याचे गाणे उभे राहते. २०१४ च्या सुमारास हा साचा इतका वाजत होता की लोकांना त्याचा लवकरच वीट येईल, अशी माझी खात्री होती. तरीही २०२४ मध्ये रॅपर केंड्रिक लमारच्या ‘नॉट लाइक अस’ या गाण्यामागे हाच माणूस आणि तोच साचा निघाला. उलट व्हर्जिनियाच्या लेक्स लुगरने २०१० मध्ये ‘हार्ड इन द पेंट’ने ट्रॅप, म्हणजे अटलांटाकडचा रॅपचा प्रकार, ढवळून काढले आणि काही वर्षांतच त्याचे नाव मागे पडले. पहिल्या चार मात्रांत ओळख पटावी असे दोघेही होते. मग फरक कुठे पडला?

खर्जातला:
लुगर जागा भरतो, मस्टर्ड ती मोकळी सोडतो. लुगरच्या गाण्यात कृत्रिम ब्रास (पितळी फुंकवाद्ये), तंतुवाद्ये आणि हाय-हॅटची, म्हणजे ड्रममधल्या झांजांची सरसर यांची इतकी गर्दी असते की रॅपरला त्यावर ओरडावेच लागते, आणि ‘हार्ड इन द पेंट’ व ‘बी.एम.एफ.’ लागोपाठ लावल्यास ती सख्खी भावंडे वाटतात. मस्टर्डकडे मात्र रॅपरचा आवाज हेच मुख्य वाद्य असते. अर्थात मोकळ्या जागेची नक्कल करणे अधिकच सोपे आणि ती झालीही, त्यामुळे हे उत्तर पुरेसे नाही, हे मलाही मान्य आहे.

संथ लय:
माझ्या मते खरे उत्तर ‘बूड अप’ या गाण्यात आहे. इन्स्टाग्रामवर ऐकलेल्या एला माय या ब्रिटिश गायिकेला मस्टर्डने स्वतःच्या लेबलवर (संगीत कंपनीत) घेतले आणि तिच्यासाठी संथ, जुन्या वळणाचे आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) केले. ते गाणे २०१८ मध्ये गाजले आणि पुढच्याच वर्षी त्याला ग्रॅमी मिळाले. त्याने ठेका बदलला, पण काटकसर सोडली नाही.

जुना श्रोता:
तुम्ही दोघेही गावाचा विचार करत नाही. मस्टर्डची सुरुवातीची ओळख वायजी या तिथल्याच रॅपरच्या आवाजात होती. दोघांचे बिनसले तेव्हा वायजीचा २०१६ चा अल्बम त्याच्याविना निघाला, पुढे ते पुन्हा एकत्र आले. ‘नॉट लाइक अस’मध्ये लॉस एंजेलिसलगतच्या कॉम्प्टनचा केंड्रिक टोरोंटोचा रॅपर ड्रेक याला परका ठरवत होता. त्या युक्तिवादाला लॉस एंजेलिसच्या नाचाचाच ठेका लागणार होता. अटलांटाच्या ट्रॅपवर ते गाणे निम्मेच राहिले असते.

ठेकाप्रेमी:
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आज दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली. ‘नॉट लाइक अस’मध्ये जुन्या ध्वनिमुद्रिकेतून उचललेली तंतुवाद्ये आहेत, तशी भरणी ‘रॅक सिटी’त नाही, तेव्हा ‘तोच साचा’ हे माझे म्हणणे मागे घेतो. मात्र लुगरची ती हाय-हॅटची सरसर आजही निम्म्या ट्रॅपमध्ये ऐकू येते, आणि ती ऐकणाऱ्या किती जणांना त्याचे नाव ठाऊक असेल?