अनुलोम-विलोममध्ये श्वास अपुरा पडतो, कपालभातीत मुंग्या येतात. नेमकं काय चुकतंय?

मधुमालती

नमस्कार. रोजचा क्रम खाली देते आहे, जाणकारांनी कृपया तपासावा. सकाळी, रिकाम्या पोटी: भस्त्रिका (जोरात श्वास घेणं आणि सोडणं) ३ मिनिटं, लगेच कपालभाती सलग १५ मिनिटं (मिनिटाला ८० ते ९० स्ट्रोक, म्हणजे श्वास सोडण्याचे झटके), मग अनुलोम-विलोम १५ मिनिटं ४-१६-८ या मोजणीने (४ मोजत श्वास घेणं, १६ रोखणं, ८ मोजत सोडणं), शेवटी भ्रामरी ३ वेळा. सुरू करून दीड महिना झाला. बीपी, दमा, हृदयविकार यातलं काही नाही.

कपालभातीच्या सातव्या-आठव्या मिनिटाला बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. अनुलोम-विलोमचं पहिलं आवर्तन अगदी सहज जातं, पण तिसऱ्यापासून रेचक (श्वास सोडणं) हातात राहत नाही. श्वास भस्सकन सुटतो आणि पुढचा पूरक (श्वास घेणं) धापा टाकत घ्यावा लागतो. शिवाय बहुतेक सकाळी डावी नाकपुडी बंदच असते.

मुंग्या म्हणजे प्राण खेळायला लागल्याची खूण, असं सांगितलं जातं. ते खरं का? आणि मोजणी किती ठेवावी?

दीर्घरेचक

मधुमालतीताई, मुंग्यांचा अर्थ तसा नाही. जोरजोरात श्वास सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं वाटतं. रक्त थोडं अल्कधर्मी होतं, मज्जातंतूंना उपलब्ध असलेलं कॅल्शियम घटतं, म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या. तुम्ही भस्त्रिका आणि कपालभाती मिळून १८ मिनिटं हेच करताय. मुंग्या आल्या की थांबायचं आणि शांत बसून साधा श्वास चालू द्यायचा. दोन-चार मिनिटांत त्या जातात.

पहिलं आवर्तन सहज का जातं, याचंही कारण यातच आहे. श्वास घ्यावासा वाटणं मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होतं. कपालभातीने तो खाली गेलेला, त्यामुळे १६ मात्रांचा (मोजणीच्या आकड्यांचा) कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, सुरुवातीला खपून जातो. दोन आवर्तनांत तो पुन्हा साठतो आणि मग शरीर तुमचं मोजणं ऐकत नाही. ४-१६-८ म्हणजे एका श्वासाला २८ मात्रा. मात्रा सेकंदाची धरली तर मिनिटाला जेमतेम दोन श्वास होतात. दीड महिन्याच्या साधकाने हे करू नये, मग तब्येत कितीही ठणठणीत असो. (भराभर श्वास घेऊन लगेच दम धरायचा प्रकार पाण्यात तर कधीच करू नका. श्वासाची हाक यायच्या आत शुद्ध हरपते.)

आता कपालभाती. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते. तिथल्या आठ कुंभकांच्या (प्राणायामाच्या प्रकारांना तिथे कुंभक म्हटलंय) यादीत ती नाही. शुद्धी थोडी पुरते. सेकंदाला एक या गतीने २० स्ट्रोक, मग श्वास पूर्ववत होईपर्यंत, निदान अर्धा ते एक मिनिट, स्वस्थ. अशा ३ फेऱ्या. दर आठवड्याला ५-५ वाढवत ६० पर्यंत जा, पुढे वाढवायची घाई नको.

बेंबीखाली तळहात ठेवून तपासा. स्ट्रोकला पोट आत जायला हवं आणि लगेच आपणहून सैल होऊन तळहाताला परत टेकायला हवं. हे सैल होणंच बहुतेकांचं राहून जातं. पोट आतच ताठ राहतं, स्ट्रोक तोकडे होत जातात, मग खांदे उडायला लागतात, कपाळाला आठ्या पडतात. आवाज फक्त सोडण्याचा यावा. श्वास घेण्याचाही आवाज येत असेल तर तुम्ही कपालभातीच्या नावाखाली भस्त्रिका करताय.

अनुलोम-विलोममधून कुंभक पूर्ण काढा. दोन आठवडे ४-४, म्हणजे पूरक ४ आणि रेचक ४. मग ४-६, आणि तो आठवडाभर स्थिरावला की ४-८. घड्याळाच्या सेकंदाला बांधून घेऊ नका, सुरुवातीला तुमची मात्रा त्याहून छोटी असेल तर असू दे. सेकंदाने मोजलं तर ४-६ म्हणजे मिनिटाला सहा श्वास आणि ४-८ म्हणजे पाच. मन निवायला एवढं पुष्कळ आहे. रेचक लांबवायचा तो यासाठी की श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, घेताना वाढतात.

रेचक हातात आहे की नाही हे बघायची एक जुनी रीत आहे. पिंजलेल्या कापसाचा हरभऱ्याएवढा पुंजका तळहातावर ठेवून तो नाकाखाली वीतभर अंतरावर धरा. चांगल्या रेचकात त्याचे तंतू पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत सारखेच हलतात. पहिल्या दोन मात्रांतच पुंजका उडाला तर हवा आधीच संपली, उरलेली मोजणी नुसती आकड्यांची. पूरक ४ मात्रांचा असला तरी छाती फुटेस्तोवर भरायचा नसतो. क्षमतेच्या साधारण पाऊण भरला की रेचक आपोआप ताब्यात येतो.

आणि एक कसोटी कायम लक्षात ठेवा: पुढचा पूरक हळू घेता आला तरच आधीची मोजणी बरोबर होती. ओढून घ्यावा लागला तर मोजणी एकाने कमी करा, त्याच बैठकीत.

निंबोणी

दीर्घरेचक यांनी मोजणीचं सांगितलं, मी नाकाचं आणि हाताचं सांगते.

एक नाकपुडी जड आणि दुसरी मोकळी असणं नैसर्गिक आहे. आतल्या श्लेष्मल त्वचेची सूज काही तासांनी बाजू बदलते. म्हणून डावी सकाळी बंद असली तर घाबरण्याचं कारण नाही. बसण्याआधी पाच मिनिटं उजव्या कुशीवर झोपा, वरची नाकपुडी हळूहळू मोकळी होते. तरीही बंदच राहिली तर जोर लावू नका, त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी साधं दीर्घ श्वसन करा. कायम एकच बाजू बंद राहत असेल तर मात्र नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा, आतला पडदा वाकडा असू शकतो.

जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) करणार असाल तर अर्धा लिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा साधं मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं थेट नको. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके फुत्कार टाका. एक दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं.

हाताची मुद्रा: तर्जनी आणि मधलं बोट दुमडलेलं, अंगठा उजवीकडे, अनामिका आणि करंगळी डावीकडे. नाकाचं हाड जिथे संपून मऊ भाग सुरू होतो, तिथे बोट नुसतं टेकवायचं. नाकपुडी मिटण्यापुरताच दाब. बरेच जण एवढं दाबतात की मधला पडदा सरकतो आणि उघडी नाकपुडीही अरुंद होते, मग श्वास अपुरा पडल्याची तक्रार. हात दुखायला लागला की मान त्या बाजूला झुकते, तेही बघा. कोपर छातीला चिकटवू नका, फार उचलूही नका. दमलात तर डाव्या तळहाताचा आधार उजव्या कोपराला द्या.

बैठक मांडीच हवी असं नाही. गुडघे कमरेपेक्षा वर येत असतील तर पाठ पोक काढते आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) खाली उतरायला जागा उरत नाही. बुडाखाली चार बोटं जाडीची घडी घ्या किंवा सरळ खुर्चीवर बसा, पाठ न टेकता.

समवृत्ती

'प्राणायामाने ऑक्सिजन जास्त मिळतो' हे इथे कुणी लिहायच्या आत थोडा हिशेब मांडतो. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनची संपृक्तता एरवीही ९५ टक्क्यांच्या वर असते, तिथे भर घालायला फारशी जागाच नाही. फायदा दुसरीकडे आहे. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिली हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला १५ श्वास, प्रत्येकी ५०० मिली, म्हणजे ७.५ लिटर हवा हलवली आणि कामाला आली ५.२५ लिटर. तेच मिनिटाला ६ श्वास प्रत्येकी १ लिटरचे घेतले तर हलवली फक्त ६ लिटर आणि कामाला आली ५.१. जवळपास तेवढंच काम, कष्ट कमी. उथळ आणि भराभर श्वास, समजा २५० मिलीचे ३०, घेतले तर साडेसात लिटर हलवूनही हाती लागतात जेमतेम ३.

दीर्घरेचक यांच्याशी एका बाबतीत मतभेद आहे. ४-८ वर जायची काहीच गरज नाही, ज्यांना ४-६ ला समाधान वाटतं त्यांनी तिथेच महिनोन्महिने राहावं. आकडा वाढवायच्या नादात श्वासाकडे लक्षच राहत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी: उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, अपस्मार, काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार असेल तर कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक करू नका. बिनकुंभकाचं अनुलोम-विलोमही डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. दम्याचा पंप किंवा बीपीची गोळी प्राणायामाच्या भरवशावर परस्पर बंद करायची नाही. ज्यांना घबराटीचे झटके येतात त्यांनीही भस्त्रिकेपासून दूर राहावं. धडधड, हलकं डोकं, मुंग्या ही झटक्याचीच लक्षणं ती तयार करते आणि माणूस आणखी घाबरतो.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे भस्त्रिका बंद, कपालभाती २० च्या ३ फेऱ्या, बिनकुंभकाचं ४-४ दहा मिनिटं आणि मग भ्रामरी. भ्रामरीत घसा खवखवतो आणि कानात बोट घातल्यावर कान दुखतो, तेवढं सांगाल का?

निंबोणी

कानात बोट घालायचंच नाही. कानाच्या भोकासमोर जो छोटा कूर्चेचा पडदा असतो तो अंगठ्याने हलका मिटायचा. घसा खवखवतो कारण आवाज घशातून रेटला जातोय. ओठ मिटलेले, वरचे-खालचे दात एकमेकांपासून जरा सुटे, जीभ सैल, आणि 'म'चा गुंजार नाकाच्या मागच्या भागात. बरोबर जमलं की ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला बारीक कंप जाणवतो, कंठाला नाही. आवाज बोलण्याच्या पट्टीपेक्षा किंचित खालचा आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतका हळू. गुंजार १० सेकंद पुरे, शेवटी आवाज थरथरायच्या आधी थांबा आणि नाकाने सावकाश श्वास घ्या. ३ ऐवजी ७ वेळा करून बघा. गुंजारवाने सायनसमधला नायट्रिक ऑक्साइड नाकात बराच जास्त उतरतो, हे मोजून पाहिलेलं आहे. झोप उशिरा लागत असेल तर हीच ७ आवर्तनं रात्री अंथरुणावर बसून करा, कपालभाती मात्र रात्री नको.