आजोबांच्या पेटीतली शस्त्रक्रियेची जुनी हत्यारं : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या ट्रंकेत एक लाकडी पेटी सापडली. आजोबा कामठीला कंपाउंडर होते. आत विटलेल्या मखमलीवर हाड कापायची करवत, दोन लांब सुऱ्या आणि दात उपटायची ‘किल्ली’. खरंच दाराच्या किल्लीसारखी, टोकाला वाकडा आकडा. तो दाढेत अडकवायचा आणि पिळायचं, तेही भूल न देता! हातात घेतली तेव्हा अंगावर काटा आला.

करवतीची मूठ काळ्या लाकडाची आहे. वाफेने निर्जंतुक करणं रूढ झाल्यावर अख्खी धातूची हत्यारं आली, म्हणजे ही बहुधा त्याआधीची. पात्यावर बाणाची खूण आहे, ती ब्रिटिश सरकारी मालाची. कामठीची छावणी १८२१ सालची, त्यामुळे लष्कराशी धागा जुळतो असं वाटतं.

इतवारीतला एक भंगारवाला म्हणाला, “घासून चकाचक करा, भाव येईल.” मी नाही घासलं. खूणच गेली तर उरलं काय? पण या पावसाळ्यात गंज वाढतोय. तो कसा थांबवू? हत्यारं मखमलीतच ठेवू की बाहेर काढू? नागपुरात हे ओळखणारं कुणी आहे का? विकायची नाहीत, नीट जपायची आहेत.