ग्रामीण रुग्णालयावरचा तारांकित प्रश्न: "अंशतः खरे आहे" या उत्तरातून सुटका कशी करायची?

तालुकाकर

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या, क्ष-किरण यंत्र बंद. मागच्या अधिवेशनात विधानसभेत यावर प्रश्न लागला होता. तो असा:

"(१) सदर ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे गेल्या अनेक वर्षांपासून रिक्त असून क्ष-किरण यंत्र धूळ खात पडल्याने गोरगरीब रुग्णांची प्रचंड हेळसांड होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (३) असल्यास, तद्नुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

आणि उत्तर:

"(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) रिक्त पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही."

आमदार पुन्हा प्रश्न टाकायला तयार आहेत, पण मसुदा आम्हीच द्यावा म्हणतात. मसुद्यात काय बदलायचं? तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो) टाकायचा की अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा)? खासदारांनाही हाच कागद द्यावा का?

---

जुना कक्ष

उत्तर देणाऱ्याने नियमबाह्य काहीच केलेलं नाही. वाट प्रश्नानेच करून दिली आहे.

पहिला खंड पुन्हा वाचा. त्यात तीन विधानं एकत्र बांधली आहेत: पदं रिक्त आहेत, यंत्र बंद आहे, हेळसांड होते आहे. हेळसांड कुठलाही विभाग कबूल करणार नाही. त्यामुळे पहिली दोन शंभर टक्के खरी असली तरी "अंशतः" हा शब्द बसतो, आणि नेमकं काय खरं आणि काय खोटं हे सांगायची जबाबदारी संपते. एका खंडात एकच विधान, तेही मोजता येईल असं. "गेल्या अनेक वर्षांपासून", "प्रचंड", "गोरगरीब" हे शब्द भाषणासाठी ठेवा. प्रश्नात युक्तिवाद, आरोप, उपरोध, विशेषणं नकोत असं नियमच सांगतात. विधानमंडळ सचिवालयाने ती काढली नाहीत तर विभाग त्यांचाच आधार घेतो.

दुसरी चूक "चौकशी" या शब्दाची. चौकशी झालीच नसेल तर (२) चं उत्तर "नाही", आणि पुढचे "असल्यास" आपोआप गळतात. साखळीत एक कडी तुटली की खालचं सगळं "प्रश्न उद्भवत नाही".

उत्तर कसं तयार होतं तेही लक्षात घ्या. प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याकडे येतो. माहिती खाली मागवली जाते: आयुक्तालय, आरोग्य मंडळाचे (काही जिल्ह्यांच्या गटाचे) उपसंचालक, जिल्हा शल्यचिकित्सक आणि शेवटी रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. तीच माहिती वर चढताना प्रत्येक टेबलावर थोडी गुळगुळीत होते. मोघम प्रश्नाला खालून मोघम माहिती येते. तक्ता मागितला तर अधीक्षकांना तक्ता भरावाच लागतो, आणि भरलेला आकडा वरच्या टेबलावर बदलणं कठीण असतं, कारण खाली सहीची प्रत राहिलेली असते.

मसुदा साधारण असा करा:

"(१) सदर ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय, (२) दिनांक अमुक रोजी या रुग्णालयातील संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती आहेत व प्रत्येक पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे, (३) भरलेल्या पदांपैकी किती अधिकारी व कर्मचारी प्रतिनियुक्तीवर अन्यत्र, दीर्घ रजेवर वा अनधिकृत गैरहजर आहेत व केव्हापासून, (४) येथील क्ष-किरण यंत्र कोणत्या दिनांकापासून वापरात नाही व त्याची कारणे काय आहेत, (५) क्ष-किरण तंत्रज्ञाचे पद या रुग्णालयासाठी मंजूर आहे काय, नसल्यास पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या दिनांकापासून कोणत्या स्तरावर प्रलंबित आहे, (६) उक्त पदे भरण्याची व यंत्र सुरू करण्याची कालमर्यादा काय आहे?"

"हे खरे आहे काय" फक्त पहिल्या खंडात ठेवलं आहे. बाकी सगळे खंड "किती", "केव्हापासून", "कोणत्या स्तरावर" असे. एकही "असल्यास" वर लोंबकळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा खंड (३). कागदावर पद भरलेलं असतं, पण डॉक्टर प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पदव्युत्तर शिक्षणाला गेलेला असतो. मग "पद रिक्त नाही" हे उत्तर अक्षरशः खरं ठरतं आणि बाह्यरुग्ण विभागात खुर्ची रिकामीच राहते. बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा देणं बंधनकारक असलेले) आणि कंत्राटी डॉक्टर वेगळ्या रकान्यात मागा, नाहीतर तेही "भरलेली" मध्ये मिसळले जातात.

---

पटलावर

यंत्राबद्दल थोडं. "उपलब्ध आहे" आणि "चालू आहे" यांत मोठं अंतर असतं. यंत्र खोक्यात असलं तरी ते उपलब्धच असतं. बंद असण्याची नेहमीची कारणं अशी: तंत्रज्ञ नाही, खोलीचं काम अर्धवट, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना घेतलेला नाही, देखभालीचा करार संपला. खोलीचं काम असेल तर चेंडू सार्वजनिक बांधकाम विभागाकडे टोलवला जातो. म्हणून (४) मध्ये "कारणे" विचारली आहेत ते बरोबर. उत्तरात बांधकामाचं नाव आलं की पुढचा प्रश्न त्या मंत्र्यांना.

सोनोग्राफीबद्दलही विचारणार असाल तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालची सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आणि यंत्र चालवण्यास पात्र डॉक्टर, या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा.

आणि प्रश्न कोणाच्या नावे आहे ते नीट पाहा. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषद चालवते, पण प्रश्न त्याच विभागाला. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय असेल तर वैद्यकीय शिक्षण विभाग. चुकीच्या विभागाकडे गेलेला प्रश्न हस्तांतरित होत फिरतो आणि अधिवेशन संपतं.

---

अर्धातास

तारांकित की अतारांकित, हे काय हवं आहे त्यावर ठरवा.

नुसता तक्ता हवा असेल तर अतारांकित पुरे. लेखी उत्तर येतं, उपप्रश्न नाही. तोटा एवढाच की उत्तर यायला वेळ लागतो. चालू अधिवेशनातच हाती पडेल असं धरून चालू नका. मंत्र्यांना सभागृहात उभं करायचं असेल तर तारांकित. पण तारांकित यादीत लागणं म्हणजे तोंडी उत्तर मिळणं नव्हे. प्रश्नोत्तराचा तास एकच असतो. पहिल्या काही प्रश्नांवर उपप्रश्नांची झोड उठते आणि उरलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. गोंधळ झाला की तासच जातो. म्हणून लेखी उत्तरातच सगळं मिळेल असा प्रश्न लिहा. तोंडी संधी मिळाली तर वरकड.

एक हिशेब मात्र आमदारांच्या लक्षात आणून द्या. एकाच विषयावर अनेक सदस्यांनी सूचना दिल्या तर त्या एकत्र करून सगळ्यांची नावं एका प्रश्नावर छापली जातात. जिल्ह्यातल्या चार-पाच आमदारांकडून तोच मसुदा गेला तर विषय यादीत येण्याची शक्यता वाढते आणि उपप्रश्न विचारायला जास्त तोंडं मिळतात. पक्ष कोणताही चालतो. सत्ताधारी बाकावरचे आमदारही प्रश्न विचारतात. फक्त मंत्री किंवा राज्यमंत्री असलेल्या आमदारांकडे मसुदा नेऊ नका, ते प्रश्न विचारू शकत नाहीत. पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाचे विधान परिषद सदस्य ओळखीचे असतील तर तिकडेही द्या. तिथलं उत्तर आणि इकडचं उत्तर जुळतं का, ते पाहण्यासारखं असतं.

उपप्रश्नांची चिठ्ठी वेगळी द्या. तीनच, प्रत्येक एका वाक्याचा:

– तंत्रज्ञाच्या पदाचा प्रस्ताव आज कोणत्या विभागाकडे आहे?
– प्रतिनियुक्तीवरचे अमुक डॉक्टर कोणत्या तारखेला मूळ जागी परत येतील?
– तोपर्यंत आठवड्यातले किती दिवस शेजारच्या रुग्णालयातून डॉक्टर पाठवणार?

आमदार उभे राहून आधी चार वाक्यांची पार्श्वभूमी सांगतात, मग मंत्रीही पार्श्वभूमीलाच उत्तर देतात. तेवढं टाळायला सांगा. (ऐकतीलच असं नाही.)

---

तालुकाकर

धन्यवाद. मसुदा तसाच बदलतो. खासदारांचं राहिलं. आणि उत्तरात दिलेला आकडा खोटा निघाला तर?

---

पटलावर

खासदारांना हा कागद देऊ नका. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यसूचीत, सहाव्या नोंदीत आहेत. लोकसभेत एका तालुक्याच्या रिक्त पदांवर विचारलेला प्रश्न मुळात केंद्राच्या अखत्यारीत नाही म्हणून नाकारला जाईल. दाखल झालाच तर उत्तराचं पहिलं वाक्य "आरोग्य हा राज्यांचा विषय आहे" असं असेल आणि खाली योजनांची यादी.

लोकसभेत विचारायचं ते राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पैशाबद्दल. खर्चाचा वाटा महाराष्ट्रासाठी केंद्र ६०, राज्य ४०. मंजूर किती, वितरित किती, खर्च किती, वर्षनिहाय आणि शक्य तर जिल्हानिहाय. तिथले नियम आखीव आहेत: सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी, प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत, दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित. तारांकितांचा क्रम सोडतीने ठरतो. २० पैकी जेमतेम पहिले काही तोंडी होतात. ज्यांचा प्रश्न त्यांना दोन उपप्रश्न, मग अध्यक्ष इतरांना संधी देतात. मंत्रालयं पाच गटांत विभागलेली असतात आणि प्रत्येक गटाचा वार ठरलेला असतो, तेव्हा खासदारांच्या कार्यालयातून आरोग्याचा वार विचारून घ्या.

---

जुना कक्ष

खोट्या आकड्याबद्दल. प्रश्न टाकण्याआधीच माहिती अधिकाराचा अर्ज करून ठेवा. शुल्क १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. अर्ज रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, मंत्रालयात नको. हजेरीपटाच्या प्रती आणि मंजूर पदांचा आकृतिबंध मागा. आकृतिबंध महत्त्वाचा, कारण मंजूर पदं किती यावरच सगळा हिशेब उभा असतो आणि तोच आकडा लोक तोंडी ऐकून लिहितात.

मग सभागृहातलं उत्तर आणि हजेरीपट शेजारी ठेवले की तफावत दिसते. ती अध्यक्षांना लेखी कळवायची. लोकसभेत मंत्र्यांच्या निवेदनातली चूक दाखवायला अध्यक्षांच्या निर्देशांतला ११५ क्रमांकाचा निर्देश आहे. इकडे आमदार अध्यक्षांना पत्र देऊन विषय मांडू शकतात. हक्कभंगाची भाषा सुरुवातीलाच नको. चूक आणि हेतुपुरस्सर दिशाभूल यांत फरक करावा लागतो, आणि दुसरी सिद्ध करणं फार जड.

एक सावधगिरी. सभागृहाच्या कामकाजाची जी प्रत लगेच मिळते तिच्यावर "असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही" असं छापलेलं असतं. पत्रात तिचा आधार देऊ नका. छापील प्रश्नोत्तरांच्या यादीतला प्रश्न क्रमांक आणि दिनांक द्या.

---

अर्धातास

उत्तर अपुरं वाटलं तर पुन्हा तोच प्रश्न टाकण्यापेक्षा त्या उत्तरावरच अर्धा तास चर्चेची सूचना द्यायला सांगा. विधानसभेत ती नियम ९४ खाली. लेखी उत्तरावरही मागता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. विषय तातडीचा झाला, म्हणजे रुग्णालयात प्रसूतीच बंद पडली वगैरे, तर नियम १०५ ची लक्षवेधी. तिच्यात मंत्र्यांना निवेदन करावं लागतं.

आणि उत्तरातलं भविष्यकाळाचं प्रत्येक वाक्य खाली रेघ मारून ठेवा. "भरण्यात येतील", "तपासून घेतले जाईल", "प्रस्ताव विचाराधीन आहे" अशी वाक्यं आश्वासन समितीच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला का ते पाहणाऱ्या समितीच्या, कामाची असतात. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत असते. विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. मुदत टळली की प्रश्न क्रमांक आणि ते एक वाक्य घेऊन आमदारांनी समितीला पत्र द्यायचं. "कार्यवाही सुरू आहे" हे मात्र वर्तमानकाळी वाक्य आहे. ते आश्वासनात धरलं जाईलच असं नाही, आणि विभागांना ते इतकं आवडतं ते त्यामुळेच. म्हणून तुमच्या मसुद्यातला (६), कालमर्यादेचा खंड, कोणी "लांबी कमी करू" म्हणालं तरी काढू देऊ नका. कमीच करायची असेल तर (१) काढा.

---

तालुकाकर

(१) काढतो. माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाकतो आहे. आकृतिबंध हाती आला की आकड्यांसह मसुदा इथेच चिकटवतो.